पडत्या पावसाआधीचे पत्र

बेंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये सत्ताविसाव्या मेनवर संध्याकाळी कॉफी प्यायला बसलात, तर शेजारच्या टेबलावर एखादा इंजिनिअरिंग मॅनेजर हमखास सापडतो. लॅपटॉप उघडा, कानात हेडफोन, आणि टीमला पाठवायचा मेसेज पुसून पुसून लिहिणे चाललेले. शेवटी जे जाते ते साधारण असे असते: येत्या सेलच्या काळात लोड वाढण्याची शक्यता लक्षात घेता सर्वांनी योग्य ती खबरदारी घ्यावी. त्याखाली भराभर अंगठे उमटतात. खबरदारी कसली, घ्यायची कुणी, नाही घेतली तर काय बिघडेल, हे वाचणाऱ्याला कळत नाही. विचारले तर लिहिणाऱ्यालाही धड सांगता येणार नाही. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांचे नाव लावणाऱ्या या सात सेक्टरांच्या वसाहतीत स्टार्टअप उदंड आहेत. बंगल्याच्या तळमजल्यावर एक, वरच्या मजल्यावर दुसरी. हुशार माणसांची तर वाणच नाही. स्पष्ट लिहिणाऱ्यांची मात्र आहे, आणि म्हणून तांत्रिक टीमशी कसे बोलावे याचे वर्ग, व्हिडिओ आणि पुस्तके यांना इथे चांगले गिऱ्हाईक आहे.

त्या वर्गांबद्दल माझी तक्रार नाही. पण या विषयावरचे एक अव्वल पान मराठीत साडेतीनशे वर्षांपूर्वीच लिहून झाले आहे, आणि ते शब्दाशब्दाला थांबून वाचण्याजोगे आहे. चिपळूणच्या बाजूला छावणीस ठेवलेल्या पागेच्या, म्हणजे घोडदळाच्या, अंमलदारांना शिवाजी महाराजांनी मे १६७४ मध्ये पाठवलेले हे पत्र. रायगडावरचा राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. म्हणजे तिकडे सिंहासनाची तयारी चाललेली, आणि इकडे हे पत्र बोलते आहे घोड्यांच्या दाण्याबद्दल, गवताच्या गंजींबद्दल, चुलीतल्या विस्तवाबद्दल.

महाराजांना व्यवस्थापनगुरू करून टाकणारी पुस्तके विमानतळावर ढिगाने मिळतात. त्यांत आजची सगळी घोषवाक्ये त्यांच्या तोंडी घातलेली असतात. त्या वाटेने मला जायचे नाही. बेंगळूरशी भोसले घराण्याचा संबंध जोडायचाच तर १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, एवढे सांगून तोही विषय संपवतो. मला रस आहे तो या पत्रातल्या गद्यात.

सुरुवात मायन्यापासूनच करू, कारण पहिली खुबी तिथेच दडलेली आहे. पत्र लिहिले आहे जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना. हवालदार, जुमलेदार हे घोडेस्वारांवरचे अधिकारी. कारकून म्हणजे कोठाराचा हिशेब राखणारे, दाणा मोजून देणारे. एक मागणारा पक्ष, एक देणारा. यांच्यात पावसाळ्यात कुरबुर होणार हे उघड आहे. कोणताही घाईतला अधिकारी अशा वेळी दोन पत्रे लिहितो: एका बाजूला ‘हात आखडता ठेवा’, दुसऱ्या बाजूला ‘कारकुनाचे ऐका’. मग दोघेही आपापला कागद फडकवत भांडतात. इथे कागद एकच आहे. स्वाराला काय सांगितले ते कारकून ऐकतो आणि कारकुनाला काय अधिकार दिला ते स्वार ऐकतो. डेव्हलपर आणि ऑपरेशन्स अशा दोन चॅनेलांवर दोन सुरांत लिहिणाऱ्यांनी हा मायना पाहून ठेवावा. पुढचा अर्धा तंटा त्या तीन नावांनीच मिटवला आहे.

मायना संपताच पत्र आज्ञेवर येत नाही. आधी परिस्थिती सांगते, आणि ती सांगण्याची रीत मोठी देखणी आहे. लष्कराचा मुक्काम चिपळुणास पडला होता; दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी म्हणून जे सामान आणि दाणा जमवला होता, तो त्या मुक्कामात बराचसा खर्ची पडला; आसपासच्या मुलखालाही लष्कराची झळ लागली; आता घाटावर फौज नेण्याजोगा काळ राहिला नाही; त्यात वैशाखाचे दिवस. हे सगळे चार-पाच वाक्यांत. यात कुणावर ठपका नाही. उलट साठा संपला तो ज्या मुक्कामामुळे, तो मुक्काम खुद्द पत्र लिहिणाऱ्याच्या हुकमाचा होता, हे लपवलेले नाही. टंचाईचे कारण स्वतःच्या दाराशी आणून ठेवायचे आणि मग काटकसर मागायची, हा क्रम साधा दिसतो, पण तो पाळणारे वरिष्ठ मी फार थोडे पाहिले.

आणि मग येतो तो शब्द, ‘जैसी तैसी’. कारकुनांकडून, गडागडांवरून गल्ला देववून पागेची बेगमी जैसी तैसी केली आहे. राज्याभिषेकाच्या उंबरठ्यावर उभा असलेला राजा आपल्याच तरतुदीला ‘जैसी तैसी’ म्हणतो! ‘पुरेशी व्यवस्था करण्यात आली आहे’ असे लिहिता आले असते. सरकारी कागद आजही तसेच लिहितात. पण तसे लिहिले असते तर ऐकणाऱ्या स्वाराने म्हटले असते, पुरेशी आहे ना, मग घाल दोन मापे जास्त. तरतूद तुटपुंजी आहे हे मान्य केल्यावरच पुढचे सगळे सांगणे खरे वाटायला लागते. या एका जोडशब्दावर पत्राचा विश्वास तोललेला आहे.

आता पत्राचा गाभा. मनाला येईल तसा दाणा, रातीब, गवत मागाल, आहे तोवर धुंदीने चाराल, संपले की पडत्या पावसात काही मिळणार नाही, उपास पडतील, घोडी मरू लागतील. एका क्रियेतून दुसरी निघते, दुसरीतून तिसरी, आणि प्रत्येक पायरीला क्रियापद भविष्यकाळी. भाववाचक नामांचा आडोसा नाही. ‘टंचाई निर्माण होण्याची शक्यता’ नाही की ‘गंभीर परिणाम’ नाहीत. मागाल, चाराल, मिळणार नाही, मरतील. कोकणातल्या पावसात चार महिने बाहेरून धान्य आणणे म्हणजे काय, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. म्हणून ‘पडत्या पावसांत’ एवढे दोनच शब्द त्यासाठी खर्च केले आहेत. जिथे ऐकणाऱ्याला माहिती आहे तिथे लेखणी आखडती आणि जिथे त्याला पुढचे दिसत नाही तिथे मोकळी.

या साखळीच्या शेवटी एक वाक्य आहे ज्याची नजाकत चटकन लक्षात येत नाही. घोडी मेली तर ती तुम्हीच मारली, असे होईल. बारकाईने पाहा: ‘तुम्ही घोडी माराल’ असा आरोप नाही. तसे ‘होईल’. माणसाच्या हेतूवर बोट ठेवलेले नाही, त्याच्या वागण्याच्या परिणामावर ठेवले आहे. कुणी स्वार घोड्याच्या मरणावर टपलेला नसतो. उलट घोड्यावरच्या मायेनेच तो दोन मुठी जास्त घालतो. त्या मायेचा शेवट कुठे होतो एवढे पत्र दाखवते. शब्द कठोर आहेत, पण अपमान नाही. सॉफ्टवेअरच्या जगात अलीकडे दोषारोप न करता बिघाडाची चिकित्सा करण्याची पद्धत रुजली आहे आणि तिच्यावर जाडजूड प्रकरणे लिहिली गेली आहेत. त्यातला अवघड भाग, म्हणजे दोष न देता जबाबदारी मात्र नेमकी ठेवणे, इथे एका ‘होईल’ने साधला आहे.

पुढची यादी मला साऱ्या पत्रात सर्वांत आवडते. पागेतली माणसे गावात शिरतील आणि कुणी कुणब्याच्या घरचे दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी फाटे, कुणी भाजी, कुणी पाला. सहा वेळा ‘कोण्ही’. वरवर ही नुसती मोजदाद वाटते. पण क्रम बघा. दाणे ही सरळ चोरी. भाकर म्हणजे भुकेल्याने उचललेली. गवत, फाटे म्हणजे जळणाच्या काटक्या, मग भाजी, आणि शेवटी झाडाचा पाला. किंमत उतरत उतरत अशा वस्तूपाशी येते जी घेताना कुणाला आपण काही घेतले असे वाटणारच नाही. दाणे लुटणारा आपण नव्हे, असे म्हणून जो निर्धास्त बसला असेल, तो शेवटच्या दोन शब्दांत सापडतो. ‘लूटमार करू नये’ असे लिहिले असते तर त्या वाक्याखाली छावणीतला एकही माणूस आला नसता, कारण स्वतःला लुटारू कोण समजतो? यादीने मात्र कुणालाच बाहेर सोडलेले नाही.

आणि त्या पाल्याचा परिणाम लगेच पुढे: जे कुणबी घर धरून, जीव मुठीत घेऊन राहिले आहेत तेही निघून जातील, त्यांना असे वाटेल की मोगल मुलखात आले होते त्याहून तुम्ही वाईट. आपल्या सैनिकांना याहून झोंबणारे दुसरे काय म्हणता आले असते? पण हेही महाराज स्वतःच्या तोंडून म्हणत नाहीत, कुणब्याच्या मनात काय येईल ते सांगतात. तळतळाट त्याचा, बदनामी तुमची. तांत्रिक काम करणाऱ्यांना नेहमी विसर पडतो तो माणूस, म्हणजे यंत्रणेच्या पलीकडच्या टोकाला बसलेला, इथे पत्राच्या मधोमध आणून बसवला आहे.

मग मनाई येते, आणि तिचा घाट अपूर्व आहे. ‘करू नका’ असे पत्र म्हणत नाही. म्हणते ‘गरज नाही’. रयतेला काडीचाही त्रास द्यायची गरज नाही, राहत्या जागेबाहेर पाय टाकायची गरज नाही, कुणावर जुलूम किंवा कुणाशी कटकट करायची गरज नाही. का गरज नाही? तर खजिन्यातून तुमच्या वाटण्या पदरात टाकल्या आहेत. दाणा हवा, गवत हवे, भाजीपाला हवा, तर जे विकायला येईल ते वाजवी दराने घ्या, बाजारात जा, विकत आणा. मनाईच्या शेजारी लगेच वाट ठेवलेली आहे, आणि त्या वाटेने जायला लागणारा पैसा आधीच दिला आहे. ‘गरज नाही’ म्हणण्याचा अधिकार लिहिणाऱ्याने पगार चुकता करून मिळवलेला आहे. नुसती ‘खबरदार’ची भाषा कुणालाही येते. हा शब्द वापरायला मात्र आधी स्वतःचे काम पुरे केलेले असावे लागते. माझ्या मते पत्राचा नैतिक कणा इथे आहे.

आपल्या कॉफीवाल्या मॅनेजरचा मेसेज या रीतीने लिहिला तर कसा दिसेल? खेळ म्हणून करून पाहतो. सेल शुक्रवारी रात्री बाराला उघडतो. लॉगची डिस्क आजच ऐंशी टक्के भरली आहे, कारण गेल्या महिन्यात डीबग लॉग चालू ठेवायला मीच सांगितले होते. आहे तसे सोडले तर शनिवारी पहाटे ती भरेल. भरली की पेमेंटच्या नोंदी लिहिल्या जाणार नाहीत. गिऱ्हाईकाचे पैसे कापले जातील आणि ऑर्डर दिसणार नाही. ते लोक कस्टमर केअरला फोन करतील, आणि तिथल्या मुलींना शिव्या खाव्या लागतील त्या आपल्या नावाच्या. जुने लॉग हाताने पुसत बसायची गरज नाही. त्यासाठी स्क्रिप्ट तयार आहे, गुरुवारी संध्याकाळी सहाला ज्याची ड्यूटी असेल त्याने ती चालवावी आणि चालवल्याचे इथे लिहावे. एवढेच. आधीच्या मेसेजपेक्षा हा सहापटीहून लांब झाला, पण आता अंगठा उमटवणाऱ्याला आपण कशाला हो म्हणतो आहोत हे ठाऊक आहे.

लांबीचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण. आजकाल सगळे शिकवतात की सांगायचे ते पहिल्या ओळीत सांगा, बाकीचे खाली. अमेरिकी लष्करात ही शिस्तच आहे. रात्री दोनला सर्व्हर पडल्यावर लिहायचा निरोप असाच हवा, यात वाद नाही. पण चिपळूणचे पत्र नेमके उलट बांधलेले आहे: आधी कारण, मग परिणाम, आज्ञा त्यानंतर. कारण हा निरोप एका रात्रीचा नाही, चार महिन्यांचा आहे. आज्ञा आठवडाभर लक्षात राहते आणि मग तिला फाटे फुटतात. कारण समजलेला माणूस, जे प्रसंग पत्रात लिहिलेलेच नाहीत, तिथेही नीट वागतो. २००४ साली ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकीत पॉवरपॉइंट बंद करून सलग परिच्छेदांत लिहिलेले टिपण आणायला लावले. त्यामागचा विचार याच जातीचा: ठिपक्याठिपक्यांच्या यादीत ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ गळून जातात. या पत्रातून ‘म्हणजे’ हा शब्द काढून पाहा, पत्र कोसळेल.

यानंतर आगीचा भाग. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी गद्यात यापेक्षा बारीक नजर मला फारशी आढळलेली नाही. उन्हाळा अजून सरलेला नाही. पागेची माणसे खणाखणांतून राहिलेली. कुणी शेकोटी पेटवील, कुणी भलत्याच जागी चूल मांडील, कुणी तंबाखूसाठी निखारा नेईल. गवत पडले आहे, वारा सुटला आहे, याचे भान राहणार नाही. आणि अवचित दगा होईल. एका खणाला आग लागली की सारे खण जळतील. गवताच्या एका गंजीवर ठिणगी पडली की जितक्या गंजी आहेत तितक्या एकामागून एक जातील. आग कुठून कुठे कशी जाते याचा हा नकाशाच आहे. तंबाखूचा निखारा पाहा: शेकोटी आणि चूल कुणाच्याही ध्यानात आली असती, निखाऱ्याची ने-आण ज्याने छावणीत फिरून पाहिली आहे त्यालाच सुचते.

आणि मग तो उंदीर. रात्री घरात दिवा जळत असेल, अवचित उंदीर पेटती वात ओढून नेईल, तसे होऊ देऊ नका. इतक्या मोठ्या राज्याच्या कारभारात हा उंदीर शिरला कसा? तेलाच्या वासाने उंदीर वात पळवतो हे गवती छपराखाली राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, पण हुकमाच्या कागदावर ते कुणी आणत नाही. ते आणणे मोठेपणाला शोभत नाही असे वाटते. इथे आणले आहे, कारण पागा जळायला तेवढे पुरते. काम सुरू होण्यापूर्वीच ते बुडाले असे समजून कारणे शोधण्याच्या रीतीला मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी ‘प्रीमॉर्टेम’ म्हटले. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये त्यांचा लेख २००७ साली आला. रीत चांगली आहे, एचएसआरमध्ये तिचे तक्ते भरले जातात, आणि बहुतेक तक्त्यांत ‘सर्व्हर डाउन’, ‘नेटवर्क फेल’ अशी दणकट नावे असतात. उंदीर नसतो. तो दिसायला माणसाने रात्री छावणीतून हिंडलेले असावे लागते.

उंदराच्या अलीकडे एक वाक्य आहे जे मी प्रत्येक वेळी दोनदा वाचतो. आग लागून गेल्यावर मग कुणब्यांच्या माना मारल्या काय, कारकुनांना हवी तेवढी ताकीद दिली काय, खण बांधायला एक लाकूड मिळणार नाही. सत्ता हातात असलेला माणूस आपल्या सत्तेची हद्द स्वतःच आखून दाखवतो आहे. हुकमाने डोके उडवता येईल, लाकूड उगवता येणार नाही. पडत्या पावसात तर नाहीच. अडचण आली की वरून जोर लावू, माणसे वाढवू, रात्री जागवू, अशा भरवशावर ज्यांचे नियोजन चालते त्यांच्या गळ्याशी हे वाक्य येते. आणि त्याला लागूनच किती सहज म्हटले आहे, हे तर सगळ्यांनाच कळते! ऐकणाऱ्याला अडाणी न ठरवता त्याच्याच शहाणपणाला साद घातली आहे.

जबाबदारी कुणाची, तेही मोघम सोडलेले नाही. जे खासे खासे असाल त्यांनी स्वतः हमेशा फिरत जावे. कनिष्ठ पाठवावा, अहवाल मागवावा, असे नाही. पायाने फिरायचे, स्वयंपाक चालू असताना, शेकोट्या पेटलेल्या असताना, रात्री दिवे असताना. वेळाही सांगितल्या आहेत, कारण आग त्याच वेळी लागते. पुढे मुद्दाम पुन्हा बजावले आहे: रोजच्या रोज.

यानंतर सूर किंचित बदलतो आणि उपरोध डोकावतो. सगळे जळून गेले तर बरेच की; घोडी बांधायला नकोत, त्यांना खायला घालायला नको; पागाच बुडाली, तुम्ही निसूर झालात, म्हणजे काळजीतून मोकळे. दाण्याची, आगीची, उंदराची गंभीर तपशीलवार चर्चा ऐकून माना खाली गेलेल्या छावणीत या ओळीला नक्कीच कुणीतरी गालात हसले असणार. आणि हसता हसता चपापले असणार. विनोदाची जागा अचूक आहे: समजावणी संपल्यावर आणि तंबी येण्यापूर्वी. तंबी आधी आली असती तर हा उपरोध नुसता खवचट वाटला असता.

तंबी शेवटी आहे, आणि थोडक्यात आहे. ज्याच्याकडून कसूर होईल त्याची इज्जत राहणार नाही, मग रोजगार कसला. शासन झाल्यावाचून सुटका नाही. त्या काळाचा करडेपणा तिच्यात आहे आणि तो आज जसाच्या तसा उचलण्याचे कारण नाही. पण तिचे स्थान पाहण्यासारखे आहे: सगळे समजावून झाल्यावर, अगदी शेवटी.

एक गोष्ट मात्र सहज निसटते. पत्राच्या अखेरीस अंमलदारांना सांगितले आहे की हा रोखा तपशिलाने ‘ऐकणे’. कारकून वाचणार, बाकीचे भोवती उभे राहून ऐकणार. हे ध्यानात घेतले की त्या सहा ‘कोण्हीं’चा ठेका, ‘गरज नाही’चे पुन्हा पुन्हा येणे, ‘म्हणजे’ने जोडत जाणारी लांब वाक्ये, सगळ्याचा उलगडा होतो. ती कानासाठी केलेली रचना आहे. शब्दांची निवडही तशीच. रातीब, बेगमी, तसवीस, तवाना असे तबेल्यात रुळलेले फारसी शब्द बिनदिक्कत आले आहेत. याच राज्याभिषेकाच्या काळात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध होत होता. दरबारासाठी एक भाषा घडवली जात असताना पागेशी मात्र पागेच्याच भाषेत बोलणे, ही जाण थोर आहे.

उणे काढायचेच तर एक आहे. दाणा किती, घोड्यामागे रोजचे माप काय, हे पत्र सांगत नाही. पावसाळा पुरेल अशा तजविजीने कारकून देतील तेच घ्यावे, एवढ्यावर भागवते. अंकाची अपेक्षा असलेल्या वाचकाला इथे चुकल्यासारखे होईल. पण महाराजांच्या पत्रांना अंकाचे वावडे होते असे नाही. प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना सप्टेंबर १६७६ मध्ये लिहिलेल्या पत्रात, ज्या कुणब्याकडे माणूसबळ आहे पण बैल नाहीत, दाणा नाही, त्याला बैलांसाठी रोख पैसा द्या, पोटाला खंडी-दोन खंडी दाणा द्या, वाढीदिढी न लावता मुद्दल तेवढे हळूहळू वसूल करा, असे सांगून वर त्यासाठी दोन लाख लारीपर्यंत (लारी हे त्या काळचे नाणे) खर्च सोसू असा आकडाच दिला आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, हा प्रसिद्ध उल्लेखही त्याच पत्रातला. भाषणांतून तो सर्रास चिपळूणच्या पत्राला चिकटवला जातो. मग इथे माप का नाही? मला वाटते, कोठारात नेमके किती उरले ते रोज पाहणारा कारकून होता, रायगड नव्हे. जिथे ठरवणारा कामापासून लांब होता तिथे मर्यादेचा आकडा, आणि जिथे माणूस कोठाराच्या दारात उभा होता तिथे त्याच्यावर विसंबणे.

मूळ पत्र छापील साधनग्रंथांत सहज मिळते. वाचायचे तर मनातल्या मनात वाचू नका, कुणाला तरी समोर बसवून मोठ्याने वाचा. पाच मिनिटेही लागत नाहीत. आणि हाताखाली टीम असेल, तर पावसाळ्यापूर्वी वाचा.